देवमाशाकडून येणे बाकी

सहल फळली की फसली हे ठरवण्यासाठी मराठी प्रवासी जी कसोटी वापरतो तिला 'वसुली' असे म्हणतात. खर्च केलेल्या रकमेच्या बदल्यात डोळ्यांना, पोटाला आणि मोबाइलमधील छायाचित्रसंग्रहाला नेमके काय मिळाले याचा मनातल्या मनात मांडलेला ताळेबंद, अशी या संज्ञेची ढोबळ व्याख्या करता येईल. हा ताळेबंद बहुतेक ठिकाणी जुळतो, कारण पाहायच्या वस्तू जागच्या जागी असतात. किल्ल्याचा बुरूज कुठे पळून जात नाही, धबधबा निदान श्रावणात तरी दगा देत नाही, आणि हॉटेलच्या न्याहारीत काही कमी पडलेच तर दुसऱ्यांदा ताटली घेऊन उठता येते. पण जिच्या जमेची सारी बाजू एका प्राण्याच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि तो प्राणीही असा की त्याने कुठल्या करारावर सही केलेली नाही, त्याला सहलीची वेळ कळवलेली नाही व आयुष्याचा बहुतेक काळ तो पाण्याखाली काढतो, अशा सहलीत या शास्त्राची खरी पंचाईत होते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हर शहरातून निघणारी देवमासे पाहण्याची एका दिवसाची सहल हे या प्रकाराचे अभ्यासयोग्य उदाहरण होय. सकाळी शहराच्या मध्यवस्तीतील कोल हार्बर या बंदरातून सीप्लेनने उडायचे, पस्तीसेक मिनिटांत व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकावरील व्हिक्टोरिया येथे पाण्यावरच उतरायचे, तेथून होडीने तीन तास समुद्र धुंडाळून देवमासे शोधायचे आणि संध्याकाळपर्यंत परत यायचे, असा तिचा क्रम असतो. (व्हँकुव्हर शहर व्हँकुव्हर बेटावर नाही, आणि ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी व्हँकुव्हर नसून त्या बेटावरचे व्हिक्टोरिया आहे, ही गोष्ट मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना पहिल्या आठवड्यात एकदा आणि त्यानंतर दर आठवड्याला एकदा समजावून सांगावी लागते.) हाच समुद्र मोठ्या फेरीबोटीने दीड तासात आणि बऱ्याच कमी पैशात ओलांडता येतो, ही माहिती चिरंजीव शक्यतो दडवून ठेवतात; परंतु कॅनडाच्या एका डॉलरला साठाच्या वर रुपये पडत असल्यामुळे आणि वडिलांचा सहाचा पाढा अजून शाबूत असल्यामुळे तिकिटाची रक्कम त्यांच्यापासून लपत नाही, आणि वसुलीची वही विमानात बसण्यापूर्वीच उघडली जाते.

सीप्लेन म्हणजे चाकांच्या जागी दोन लांबट, पोकळ फ्लोट लावलेले आणि पाण्यावरूनच उडणारे विमान. पाण्यावरून विमान पहिल्यांदा उडवले ते फ्रान्समधील मार्सेय शहराजवळच्या एका खाडीसारख्या सरोवरातून आँरी फाब्र या अभियंत्याने, २८ मार्च १९१० रोजी. विशेष म्हणजे त्या दिवसापर्यंत या गृहस्थाने कुठलेच विमान कधी चालवलेले नव्हते, त्यामुळे पाण्यावरून उडणे अवघड असते हे त्याला सांगायला कोणी नसावे. कोल हार्बरच्या धक्क्याला बांधलेल्या विमानांत कॅनडाच्याच डी हॅविलँड कंपनीचे 'ऑटर' हे जुने खोंड अजूनही राबताना दिसते. त्याचे पहिले उड्डाण १९५१ मधले आणि उत्पादन बंद झाले १९६७ मध्ये, म्हणजे यातले सर्वांत तरुण विमानदेखील सुनेपेक्षा वयाने मोठे असते. मूळचे पिस्टन इंजिन काढून त्याजागी टर्बाइन बसवलेले असल्यामुळे आवाज नवा येतो एवढेच. (येथील हार्बर एअर या कंपनीने १० डिसेंबर २०१९ रोजी ऑटरच्या लहान चणीच्या भावावर, म्हणजे 'बीव्हर'वर, विजेची मोटर बसवून उड्डाण करून दाखवले, त्यावरून या जुन्या सांगाड्यांना निवृत्त करण्याचा कोणाचाच विचार नाही असे दिसते.)

हे फ्लोट आतून अनेक बंद कप्प्यांत विभागलेले असतात, म्हणजे एका कप्प्याला भोक पडले तरी बाकीचे तरंगत राहतात. कप्पा बंद असला तरी थोडे पाणी झिरपतेच, आणि ते रोज उपसावे लागते. सकाळच्या उड्डाणाआधी जीन्स घातलेला एक तरुण फ्लोटवर उकिडवा बसतो, भोकात बुचासारखा बसवलेला रबरी चेंडू उपटतो, त्या भोकावर रंगपंचमीच्या पिचकारीसारखा दिसणारा हातपंप टेकवतो आणि खसखस चार-सहा हात मारून विमानाच्या पायातले पाणी बंदरात उडवतो. आंतरराष्ट्रीय विमानतळांवर प्रवाशाला विमानाच्या दुरुस्तीचे कुठलेच काम दिसू दिले जात नाही, ते किती शहाणपणाचे आहे याचा उलगडा या क्षणी होतो. "अहो, हे गळतंय की काय," हा प्रश्न धक्क्यावर उभ्या असलेल्या मराठी कुटुंबातून हमखास ऐकू येतो, आणि पंप ठेवून हात पुसत तोच तरुण पुढे वैमानिकाच्या आसनावर चढतो तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर मागण्याचे धैर्य कोणाला उरत नाही. दोर सोडणारा, दार लावणारा, सूचना सांगणारा आणि विमान उडवणारा अनेकदा एकच असतो. एसटीत चालक आणि वाहक ही दोन पदे स्वतंत्र ठेवण्यामागे किती दूरदृष्टी होती हे येथे ध्यानात येते.

कायद्याच्या दृष्टीने या यंत्राची स्थिती दोन घरच्या पाहुण्यासारखी आहे. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये जी आंतरराष्ट्रीय नियमावली झाली तिच्या व्याख्येत पाण्यावर असलेले सीप्लेन ही नौकाच होय, मात्र इतर सर्व नौकांपासून तिने सामान्यतः दूर राहावे आणि त्यांच्या वाटेत येऊ नये असे त्याच नियमावलीत पुढे म्हटले आहे. म्हणजे नाव घरच्यांत घातले, पण पंगतीत मागे बसवले. धुक्यात ही विमाने उडत नाहीत, कारण वैमानिक डोळ्यांनी पाहून चालवतो. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की आरशासारखे शांत पाणी, जे पाहून प्रवाशांचा जीव भांड्यात पडतो, तेच वैमानिकाला नकोसे असते; पाण्यावर तरंग नसले की पृष्ठभाग नेमका किती खाली आहे हे डोळ्याला कळेनासे होते. त्याला थोडी सळसळ हवी असते, होडीतल्या प्रवाशाला अजिबात नको असते, आणि दोघांनाही एकाच तिकिटावर एकच समुद्र मिळतो.

विमानात शिरण्याआधी वजनाचा प्रश्न येतो. मोठ्या विमानात माणसांचे सरासरी वजन धरून हिशेब भागतो, परंतु चौदाएक प्रवाशांच्या विमानात एकेका देहाचा भार कोठे पडतो याला महत्त्व असते, म्हणून प्रत्येकाला वजन विचारले जाते आणि त्यानुसार जागा ठरतात. भारतीय परंपरेत याच्या नेमके उलट उदाहरण आहे. पुष्पक विमानात कितीही माणसे चढली तरी एक जागा रिकामीच राहते, असे कीर्तनकार पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत, आणि लंकेहून परतताना त्यात वानर, राक्षस आणि त्यांचे सामान असे सगळे मावले. पण त्यांपैकी कोणाला वजन विचारल्याची नोंद कुठल्याही प्रतीत नाही. येथे मात्र काउंटरमागची मुलगी हसतमुखाने पाऊंडांत आकडा मागते. गृहस्थ लग्नाच्या वेळचा आकडा सांगू पाहतात, गृहिणी हलक्या आवाजात "अहो, खरं सांगा, इथे जिवाशी गाठ आहे," असे बजावते, आणि स्वतःची पाळी आली की चिरंजिवाच्या कानात सांगते. किलोचे पाऊंड करताना आकडा दुपटीहून मोठा होतो. डॉलरचे रुपये करताना जेवढे दुःख झाले होते तेवढेच याही गुणाकाराने होते.

पुष्पकाचा उल्लेख येथे केवळ गमतीसाठी केलेला नाही. कालिदासाच्या रघुवंशातील तेराव्या सर्गात राम त्याच विमानातून सीतेला खालचा समुद्र दाखवतो, आणि त्यात तिमी नावाच्या महाकाय माशांचे वर्णन येते : नदीच्या मुखाशी ते तोंड उघडून जीवजंतूंसकट पाणी आत घेतात, तोंड मिटतात आणि डोक्यावरच्या छिद्रांतून पाण्याच्या धारा वर उडवतात. विमानातून देवमासे दाखवण्याची वाङ्मयातील ही पहिली सहल म्हणायला प्रत्यवाय नसावा. तोंड भरून पाणी घेणे आणि त्यातले बारीक जीव खाणे हे बलीन गटातील देवमाशांचे, म्हणजे दातांऐवजी वरच्या जबड्याला केराटिनची झालर असलेल्या देवमाशांचे, खरोखरीचे वर्तन आहे. कवीची चूक झाली ती एकाच ठिकाणी, कारण डोक्यावरून उडतो तो तोंडातल्या पाण्याचा झोत नव्हे. फुप्फुसांतली कोंडलेली उबदार हवा वेगाने बाहेर पडते आणि तिचे दवासारखे तुषार होतात, तोच तो फवारा. त्याला मासळीबाजाराचा वास येतो हेही कालिदासाने लिहिलेले नाही, पण शृंगाराच्या ओघात ते त्याने मुद्दाम गाळले असण्याची शक्यता आहे.

योगायोग पुढेही चालू राहतो. त्याच सर्गात राम गंगा आणि यमुना यांचे दोन रंगांचे पाणी एकमेकांत मिसळताना दाखवतो. येथेही विमान शहराच्या दक्षिणेला आले की फ्रेझर नदीचे गाळाने पिवळट झालेले पाणी समुद्राच्या गडद निळ्या पाण्याला जेथे भिडते तेथे आखल्यासारखी रेघ दिसते, आणि ज्या उंचीवरून हे विमान जाते तेथून ती स्पष्ट दिसते. त्यानंतर गल्फ आयलंड्स नावाची झाडीने भरलेली बेटे खालून सरकू लागतात, फेरीबोटी पांढऱ्या शेपट्या ओढत जाताना दिसतात, आणि कानात आवाज अडवणारे बोळे घातलेले असल्यामुळे कोणी कोणाशी बोलू शकत नाही, त्यामुळे संपूर्ण कुटुंब अर्धा तास एकाच दिशेला तोंड करून न भांडता बसलेले असते. निव्वळ सौंदर्याचा हिशेब केला तर तिकिटाचे पैसे येथेच फिटतात, असे प्रामाणिकपणे म्हणावे लागते. परंतु वहीत अजून देवमाशाचे पान कोरे असते आणि मराठी मन अर्धवट ताळेबंदावर सही करत नाही.

व्हिक्टोरियाचे बंदर देखणे आहे. विधिमंडळाची इमारत आणि एम्प्रेस हॉटेल या दोन्ही वास्तू फ्रान्सिस रॅटनबरी या एकाच वास्तुकाराच्या आहेत, हॉटेलातला दुपारचा चहा जगप्रसिद्ध आहे, आणि त्या चहाचा दर वाचल्यावर बहुतेक कुटुंबे सोबत आणलेल्या ठेपल्यांकडे वळतात.

होडी दोन प्रकारची मिळते. एक बंद केबिनची, दुसरी झोडियॅक, म्हणजे कडेने हवा भरलेली रबरी नळी असलेली उघडी वेगवान होडी. दुसरीत बसणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत फुगीर लाल पोशाख चढवावा लागतो, कारण येथले पाणी भर उन्हाळ्यातही हाडे गोठवते. हा पोशाख चढवताच वय, लिंग, पगार, जात आणि सासर-माहेर हे सगळे भेद मिटतात, वारकऱ्यांच्या दिंडीत येतो तसा समभाव येतो, आणि गृहस्थ भलत्याच बाईला "जरा पाण्याची बाटली दे गं," म्हणतात.

होडीत निसर्गतज्ज्ञ म्हणून एक तरुणी असते आणि तिची दिशा सांगण्याची पद्धत घड्याळाची असते : होडीचे नाक म्हणजे बारा, उजवी बाजू म्हणजे तीन, मागची बाजू सहा. ही पद्धत सुरुवातीला समजावून सांगितलेली असते, पण तेव्हा लक्ष पोशाखाच्या चेनकडे असते. त्यामुळे "तीन वाजता देवमासा" अशी घोषणा झाली की अर्धी होडी उजवीकडे धावते, आणि काका मात्र मनगट वर करून अजून पावणेदोनच झालेत, तासभर आहे, असे म्हणत शांतपणे डबा उघडतात. मोबाइलही याच सुमारास गोंधळात भर घालतो. या सामुद्रधुनीतून अमेरिकेची हद्द जाते आणि पलीकडचा टॉवर पकडून फोन अमेरिकेत स्वागत असल्याचा संदेश देतो, तेव्हा फक्त कॅनडाचा व्हिसा असलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. ही हद्द ठरवतानाचा तंटा १८५९ मध्ये समोरच्या सान वान बेटांवर एका डुकराला घातलेल्या गोळीवरून पेटला होता आणि त्यात तेवढे डुक्करच मेले, ही गोष्ट निसर्गतज्ज्ञ सांगते, पण रोमिंगच्या दरापुढे इतिहास फिका पडतो.

पोटातल्या दुसऱ्या गोळ्याचे कारण लाटा. येथे एक विषयांतर आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला देवमाशाची ओळख प्रामुख्याने त्याच्या उलटीमुळे झालेली आहे. 'व्हेल माशाची कोट्यवधींची उलटी जप्त, सापळा रचून अटक' हे शीर्षक इतक्या वेळा छापले गेले आहे की या प्राण्याला दुसरा काही उद्योग असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. ही वस्तू म्हणजे अंबरग्रीस. स्पर्म व्हेल या एकाच जातीच्या मोठ्या देवमाशाच्या आतड्यात, न पचलेल्या माखल्यांच्या चोचींभोवती ती तयार होते, अत्तरधंद्यात तिला भाव आहे, आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती बाळगणे गुन्हा आहे. या सहलीत जी उलटी प्रत्यक्ष पाहायला मिळते ती मात्र मनुष्यप्राण्याची असते, तिला बाजारात काहीही भाव नाही, आणि तिच्यासाठी होडीवाले कागदी पिशवी फुकट देतात. आल्याची गोळीही देतात. घरून आलेपाक आणलेल्या आजींना त्या क्षणी जो मान मिळतो तो त्यांना व्हँकुव्हरच्या स्वयंपाकघरात सहा महिन्यांत मिळालेला नसतो.

आता प्रत्यक्ष देवमाशाकडे वळायचे तर आधी नावाचा घोळ निस्तरावा लागेल. देवमासा हा मासा नाही. तो उष्ण रक्ताचा, हवेत श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. आणि ज्याच्यासाठी ही सहल सर्वाधिक प्रसिद्ध आहे तो काळापांढरा ऑर्का किंवा 'किलर व्हेल' हा वर्गीकरणाच्या दृष्टीने डॉल्फिन आहे, जगातला सर्वांत मोठा डॉल्फिन. ही माहिती होडी किनाऱ्यापासून तासभर दूर गेल्यावर सांगितली जाते. तारकर्लीला, दापोलीला किंवा गोव्याला काही शे रुपयांत डॉल्फिन पाहिलेला मराठी प्रवासी हे ऐकून काही काळ समुद्राकडे नुसताच पाहत राहतो. गोव्यातील होडीवाले 'नो डॉल्फिन, नो पे' अशी पाटी लावतात. येथील होडीवाले पैसे परत देत नाहीत, देवमासा न दिसल्यास पुढच्या वेळी फुकट नेण्याची हमी देतात. ही हमी वापरण्यासाठी पुणे ते व्हँकुव्हर हा प्रवास पुन्हा स्वखर्चाने करावा लागतो हे लक्षात आल्यावर चिरंजीव ती आईवडिलांच्या नावाने न घेता स्वतःच्या नावाने घेतात.

या समुद्रात ऑर्कांचे दोन समाज राहतात आणि त्यांच्यात रोटीव्यवहारही नाही, बेटीव्यवहारही नाही. एक समाज केवळ मासे खातो, त्यातही मुख्यतः चिनूक जातीचा सॅमन. त्याला रेसिडेंट म्हणतात. दुसरा सील, सी लायन आणि इतर सस्तन प्राणी खातो. त्याला पूर्वी ट्रान्झिएंट, म्हणजे फिरस्ते, म्हणत आणि आता बिग्ज ऑर्का म्हणतात. हे 'बिग' आकाराचे विशेषण नव्हे, तर मायकेल बिग या शास्त्रज्ञाचे आडनाव आहे, ज्याने १९७० च्या दशकात पाठीवरच्या पराचा आकार, त्यावरचे व्रण आणि पराखालचा करडा डाग यांच्या छायाचित्रांवरून एकेक ऑर्का ओळखता येतो हे दाखवून दिले. त्यापूर्वी या समुद्रात हजारो ऑर्का आहेत अशी समजूत होती; मोजणी झाली तेव्हा काही शेच भरले. दक्षिणेकडील रेसिडेंट ऑर्का तर आज ऐंशीच्याही खाली आले आहेत, कारण त्यांचा सॅमन आटला, आणि शेजारी सील खाणारे भरल्या पोटी हिंडत असतानाही ते सीलला तोंड लावत नाहीत; उपाशी राहू पण आपल्यात हे चालत नाही, ही भूमिका मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

बिग्ज ऑर्कांची नावे आईच्या क्रमांकावरून पडतात. एखाद्या मादीचा क्रमांक टी ६५ असेल तर तिचे पहिले पिल्लू टी ६५ ए, त्या मुलीचे दुसरे पिल्लू टी ६५ ए २, अशी ती वंशावळ चालते आणि बापाचा उल्लेख कोठेही येत नाही. महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी यांनी दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या आसपास हीच पद्धत चालवली होती. रेसिडेंट समाजात मुलगा आणि मुलगी दोघेही जन्मभर आईसोबत राहतात, नर दुसऱ्या गटात जाऊन पिता होतो आणि परत आपल्या आईकडे येतो, पिले होण्याचे वय उलटलेल्या आज्या पुढे अनेक वर्षे जगतात आणि सॅमनच्या टंचाईत कोठे जायचे ते त्याच दाखवतात. हे ऐकताना होडीतल्या सासूबाई मान डोलावतात. सूनबाई दुर्बीण उलट्या बाजूने डोळ्यांना लावते.

या दोन्ही समाजांना जवळून पाहता येत नाही. सॅमनवाल्या ऑर्कांना दाखवायला येथील सहलींच्या होड्या जातच नाहीत. बिग्ज ऑर्का दिसले तर परवानाधारक होडीनेही २०० मीटर अंतर राखायचे असते, आणि हंपबॅक या मोठ्या देवमाशापासून निदान १०० मीटर, तोही पिलासोबत किंवा विसावलेला असल्यास २०० मीटर. वानखेडेच्या वरच्या गॅलरीतून फलंदाज जेवढा दिसतो त्या मानाने हे वाईट नाही, पण तेथे निदान धावफलक असतो.

बऱ्याच सहलींत अखेर पाळी येते ती हंपबॅकची. तेरा-चौदा मीटर लांबीचा आणि तीसेक टन वजनाचा हा प्राणी, ज्याला कोणत्याही काउंटरवर कोणी वजन विचारत नाही, प्रथम दूरवर एक करडा फवारा म्हणून दिसतो. मग काळी पाठ, ओल्या डांबरी रस्त्यासारखी, हळूहळू वर येते आणि तितक्याच हळू वळते. तीन-चार श्वास असे संथ होतात, प्रत्येक श्वासाचा आवाज कुकरची शिटी सुटण्याआधी जो सुस्कारा निघतो तसा पाण्यावरून येतो. आणि मग पाठीची कमान नेहमीपेक्षा उंच होते, शेपटी पाण्याबाहेर सबंध उभी राहते, तिच्या कडेवरून पाण्याची झालर गळते, खालच्या बाजूचे काळेपांढरे डाग, जे प्रत्येक हंपबॅकचे वेगळे असतात आणि ज्यांवरून त्याची नोंद होते, क्षणभर दिसतात, आणि काहीही आवाज न करता ती आत जाते. जागेवर तेलाच्या तवंगासारखे एक गुळगुळीत वर्तुळ तेवढे उरते आणि बाजूच्या लाटा त्यात शिरायला बराच वेळ घेतात. या काळात होडीत कोणी बोलत नाही. त्यानंतर पाच-दहा मिनिटे सगळे त्या वर्तुळाकडे पाहत राहतात, आणि देवमासा चारशे मीटर पलीकडे, सर्वांच्या पाठीमागे, 'सहा वाजता' वर येतो. या प्रसंगाची जी छायाचित्रे नंतर कुटुंबाच्या गटात पाठवली जातात त्यांत पाणी अत्यंत स्पष्ट आलेले असते.

शेपटीचा एक क्षण आणि पाण्याची दोनशे चित्रे ही वसुली नव्हे, असे वहीत लिहिण्यापूर्वी याच समुद्रात पूर्वी वसुली कशी होत असे ते पाहणे इष्ट ठरेल. १९०७-०८ च्या हंगामात नानायमो गावाजवळच्या एका ठाण्याने या आतल्या समुद्रातील शंभराच्या आसपास हंपबॅक मारले, आणि एवढ्याने येथले हंपबॅक संपले. व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर भागात कोल हार्बर नावाचे आणखी एक गाव आहे. सकाळी ज्या बंदरातून विमान उडाले त्याच नावाचे, पण वेगळे. दुसऱ्या महायुद्धात तेथे कॅनडाच्या हवाई दलाचा सीप्लेनचा तळ होता. युद्ध संपल्यावर, १९४८ पासून, त्याच तळावर देवमासे आणून कापू लागले. जेथून सीप्लेन पाण्यावर जात तेथेच देवमासे वर ओढले जाऊ लागले, आणि त्यांचे तेल, खत आणि पशुखाद्य होऊ लागले. ब्रिटिश कोलंबियातील देवमाशांच्या शिकारीचे ते शेवटचे ठाणे १९६७ मध्ये बंद पडले, ज्या वर्षी शेवटचा ऑटर कारखान्यातून बाहेर आला त्याच वर्षी. पै न् पैची वसुली म्हणतात ती तेथे झाली.

ऑर्काची कथा वेगळी आणि काहीशी विनोदी आहे, फक्त ऑर्काला हसू आले नसावे. १९६४ मध्ये व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाला आपल्या दालनात ऑर्काचा हुबेहूब पुतळा हवा होता, म्हणून त्यांनी एका शिल्पकाराला हार्पूनची तोफ देऊन सॅटर्ना बेटावर पाठवले. मॉडेल आधी मारावे आणि मग त्याचे शिल्प करावे असा तो बेत होता. हार्पून लागला, पण प्राणी मेला नाही. तेव्हा त्याला दोरीने ओढत शहरात आणले, 'मोबी डॉल' असे बाईचे नाव ठेवले, सुमारे तीन महिने तो जगला आणि मेल्यावर नर असल्याचे कळले. माणसे खाणारा राक्षस म्हणून ज्याला बंदुका लावत तो हातातून मासे घेतो हे लोकांनी तेव्हा प्रथम पाहिले, आणि याचा पहिला परिणाम असा झाला की जगभरच्या मत्स्यालयांनी आपल्यालाही एक असावा म्हणून मागणी नोंदवली आणि येथील ऑर्का धरून नेण्याचे दशक सुरू झाले. देवमासे आणि डॉल्फिन करमणुकीसाठी बाळगण्यावर कॅनडाने कायद्याने बंदी घातली ती २०१९ मध्ये.

हंपबॅक मात्र परत आले. व्हिक्टोरियाजवळच्या पाण्यात १९९७ मध्ये एक मादी दिसली, पुढील वर्षांत ती पिले घेऊन येऊ लागली, आणि तिला लोकांनी 'बिग मामा' हे नाव दिले. मराठीत या नावाने भलताच नातेवाईक डोळ्यांसमोर उभा राहतो, पण त्याला इलाज नाही. आज होडीतून जी शेपटी दिसते ती तिच्या किंवा तिच्या मागोमाग आलेल्यांच्या घरातली असण्याचा बराच संभव असतो.

परतीच्या विमानात वडील वही काढतात. जमेच्या बाजूला शेपटी एक, पाठी चार, फवारे अकरा (पैकी काही लाटा असण्याची शक्यता), रेस रॉक्सच्या दीपगृहापाशी खडकांवर लोळणारे सी लायन अगणित व त्यांचा वास, अमेरिका लांबून, असे तपशील पडतात. खर्चाची बाजू साठाने गुणलेली असते. सबंध आयुष्य सरकारी लेखाविभागात गेलेला माणूसही ही दोन पाने जुळवू शकत नाही, आणि खाली गल्फ बेटांवर ऊन उतरत असताना त्या पानाच्या तळाशी 'देवमाशाकडून येणे बाकी' एवढेच लिहून वही मिटतो. ही बाकी वसूल करण्याचा एकमेव ज्ञात मार्ग १९६७ मध्ये बंद झाला आहे.

मे ते ऑक्टोबर हा या सहलीचा बरा काळ होय. जाऊ इच्छिणाऱ्यांनी स्वेटर आणि आलेपाक घ्यावा, 'तीन वाजता' असे ऐकल्यावर घड्याळाकडे न पाहता उजवीकडे पाहावे, आणि काउंटरवर वजन खरे सांगावे, कपड्यांसह.